आम्ही ग्रॅनी स्मिथच्या वंशातले, हे कसं तपासायचं?

पुण्याच्या एका आजोबांचा प्रश्न आहे. त्यांची सून सिडनीची. तिच्या माहेरी पिढ्यानपिढ्या सांगत आलेत की आपण त्या हिरव्या सफरचंदाच्या ‘ग्रॅनी स्मिथ’चे वंशज. नातीला शाळेसाठी दोन्ही घराण्यांची वंशावळ काढायची आहे. ‘आमच्या बाजूची नावं नाशिकला उपाध्यायांच्या वहीत एका बैठकीत मिळाली. तिकडची कुठे मिळतील? आणि ही ग्रॅनी स्मिथ खरोखर होती, की फळ खपवायला काढलेलं नाव आहे?’

आजोबा, बाई खरी होती. मारिया ॲन स्मिथ तिचं नाव. माहेरची शेरवूड. वडील जॉन शेरवूड शेतमजूर, आई हॅना, तिचं माहेर राइट. जन्म १७९९ चा, इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातल्या पीसमार्श गावी. बाप्तिस्मा तिथल्याच सेंट पीटर अँड सेंट पॉल चर्चमध्ये ५ जानेवारी १८०० रोजी झाला. ८ ऑगस्ट १८१९ ला लग्न थॉमस स्मिथशी. तो शेजारच्या बेकली गावचा आणि तोही शेतमजूरच. मुलं आठ झाली, त्यातली तीन तान्हेपणीच गेली. उरलेली पाच घेऊन नवरा-बायको ‘लेडी न्यूजंट’ जहाजाने २७ नोव्हेंबर १८३८ ला सिडनीला उतरले. ९ मार्च १८७० ला ती वारली आणि सिडनीजवळच्या राइडच्या सेंट ॲन चर्चच्या आवारात तिला पुरलं. फळवाल्याकडे स्टिकर लावून विकायला असतं ते हिरवं, आंबटसर सफरचंद तिच्या शेतातलं, हेही खरं.

म्हणजे ‘ती होती का’ हा प्रश्न मिटला. सुनेच्या माहेरचे तिचे वंशज आहेत का, हा प्रश्न वेगळा, आणि तो मारियापासून सुरू करून सुटत नाही. वंशावळी शोधायच्या या धंद्यात मी पहिल्यापासून एकच गोष्ट सगळ्यांना सांगत आलोय: प्रसिद्ध माणसाकडून खाली यायचं नाही, हयात माणसाकडून वर जायचं. वरून खाली आलं की आपल्याला हवी तीच फांदी दिसते. आणि इथे आडनाव स्मिथ! इंग्रजी जगात याहून सर्रास आडनाव नाही.

तरी आधी मारियाचेच कागद समजून घेऊ. कारण सुनेची पूर्वज मारिया निघो की तिच्या बरोबरीने आलेली दुसरी कुणी, कागद याच जातीचे असणार.

शेतमजुराच्या घरच्या बाईचा माग लागतो तो बहुतेक तिथेच, जिथे तिच्यासाठी कुणाला तरी पैसा मोजावा लागला किंवा तिची जबाबदारी कुणावर तरी येऊन पडली. चर्चने बाप्तिस्मा दिला, गावाने धान्याची मदत केली, सरकारने जहाजाचं भाडं भरलं, वसाहतीने मृत्यू नोंदवला. जिथे कुणाचा खर्च नाही तिथे तिची नोंदही नाही. म्हणून बाईचं नाव शोधत बसण्यापेक्षा त्या वेळी खर्च कोण करत होतं ते आधी विचारायचं. निम्मं काम तिथेच होतं.

इंग्लंडमध्ये गावोगावच्या चर्चना बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी ठेवायचा हुकूम १५३८ चा. पण नोंदीत किती लिहायचं हे काळाप्रमाणे बदलत गेलं. १८१३ पासून छापील नमुना आला: मुलाचं नाव, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा. त्याआधी सगळं पाद्रीबाबांच्या मर्जीवर. मारियाचा बाप्तिस्मा १८०० चा, म्हणजे छापील नमुन्याच्या आधीचा. अशा नोंदीत साधारणपणे मुलीचं नाव, बापाचं नाव, आईचं पाळण्यातलं नाव आणि तारीख एवढंच असतं. आईचं माहेर हवं असेल तर तिच्या लग्नाची नोंद काढावी लागते. आणि तारीख बाप्तिस्म्याची असते, जन्माची नाही. ‘५ जानेवारी १८०० ला जन्म’ असं कुठे लिहिलेलं दिसलं, तर लिहिणाऱ्याने मूळ नोंद पाहिलेली नाही असं खुशाल समजा.

तिच्या मुलांच्या नोंदी मात्र १८१९ नंतरच्या, छापील नमुन्यातल्या. त्यात बापाच्या धंद्याचा रकाना असतो आणि शेतमजुरांच्या घरी तिथे ‘मजूर’ एवढा एकच शब्द येतो. तो शब्द मोठ्या कामाचा. एकाच गावात दोन थॉमस स्मिथ निघाले, त्यातला एक लोहार आणि एक मजूर, तर दोघांची मुलं वेगळी करायला तोच कामाला येतो. दफनाच्या नोंदीतही १८१३ पासून वय येतं. गेलेली तीन बाळं त्या नोंदींतून सापडतात आणि मग आठाचा हिशेब जुळतो.

लग्नाची नोंद तर जवळून बघण्यासारखी आहे. लग्न झालं ते एबनी या गावी. पीसमार्श आणि बेकली ससेक्समध्ये, एबनी केंटमध्ये. चालत जाण्याच्या अंतरावरची गावं, मध्ये रॉदर नदीचा सखल, पाणथळ पट्टा. मजुराला परगण्याची हद्द काय कळते? जिथे काम तिथे तो जातो आणि जिथे मुलगी तिथे लग्न करतो. पण कागद मात्र हद्दीप्रमाणे वाटलेले आहेत. ससेक्सच्या या भागाचे कागद ब्रायटनजवळ फॅल्मर इथल्या ‘द कीप’ या अभिलेखागारात, केंटचे मेडस्टोनला. फक्त ससेक्सच्या नोंदी चाळणाऱ्याला हे लग्न जन्मात सापडायचं नाही, आणि मग तो ‘लग्नाची नोंद नष्ट झाली असावी’ असं लिहून मोकळा होतो. अशी ‘नष्ट’ झालेली कितीतरी लग्नं मी शेजारच्या परगण्यातून काढून दिली आहेत. त्यातही एबनीची गंमत अशी की तिथलं चर्च १८५८ मध्ये जुन्या टेकाडावरून हलवून रीडिंग स्ट्रीट या वस्तीत आणलं. आज तिथे जाऊन चर्चसमोर फोटो काढला, तरी मारिया ज्या जागी उभी राहिली ती जागा ती नव्हे.

इंग्लंडच्या लग्नाच्या नोंदीत १७५४ पासून वधूवरांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या असतात, सही येत नसेल तर फुली. १८३७ पर्यंत वधूवरांच्या बापांची नावं नसतात. त्यामुळे साक्षीदार कोण होते ते वाचायला विसरू नका. नवरीचा भाऊ, बहीण, मामा यातलं कुणीतरी तिथे बरेचदा असतं.

आता सगळ्यात अडचणीची जागा. इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. सगळ्यांची नावं लिहिणारी पहिली जनगणना झाली ६ जून १८४१ ला. स्मिथ कुटुंब १८३८ मध्ये निघून गेलं. म्हणजे नोंदणी सुरू झाली न झाली तोच ते गेले आणि जनगणना आली तेव्हा सिडनीत होते. इंग्लंडमधल्या वंशावळीचे हे दोन भक्कम खांब, आणि या कुटुंबाच्या वाट्याला दोन्ही जवळजवळ नाहीत. १८३० ते १८४० या दशकात गेलेल्या हजारो कुटुंबांचं हेच आहे. तुमच्या सुनेची पूर्वज याच सुमाराला आली असेल, तर इंग्लंडच्या जनगणनेत तिला शोधण्यात वेळ घालवू नका. मागे राहिलेल्या भावंडांना शोधा. १८५१ च्या जनगणनेत प्रत्येकाचं जन्मगाव आणि घरातलं नातं लिहिलेलं आहे. धाकटा भाऊ तिथे सापडला, त्याच्याकडे म्हातारी आई राहत असली, की तुमच्या बाईचं माहेर कळलंच. १८४१ च्या जनगणनेतल्या वयांवर मात्र भरवसा नको. पंधराच्या वरच्यांची वयं साधारण पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत. अडतीस वर्षांची बाई तिथे पस्तीसची होते.

मग १८३८ आधीचा त्यांचा पत्ता कुठे? गरिबांच्या कागदात. गरिबाला पोसायची जबाबदारी इंग्लंडमध्ये गावावर, म्हणजे पॅरिशवर होती. मजुरी पुरत नसेल तर गाव वर पैसे, पीठ, जोडे द्यायचं आणि ते वहीत उतरवायचं. कोण कुठल्या गावचा, त्याला पोसायची जबाबदारी कुणाची, यावरून गावागावांत वाद होत. त्यासाठी माणसाला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करून जबानी घेत: जन्म कुठला, काम कुणाकडे केलं, लग्न कधी झालं, मुलं किती. अशी जबानी हाताला लागली तर लॉटरीच. गरीब माणसाचं आत्मचरित्र म्हणावं असं दुसरं काही त्या काळात मिळत नाही. अर्थात ते त्याने हौसेने सांगितलेलं नाही.

ससेक्स आणि केंटच्या त्या पट्ट्यात तेव्हा परिस्थिती फार वाईट होती. नेपोलियनची युद्धं संपल्यावर धान्याचे भाव पडले, सैन्यातली माणसं परत आली, मजूर जास्त आणि काम कमी. १८३० च्या हिवाळ्यात याच भागात मळणीयंत्रं फोडली गेली, गंजी जाळल्या गेल्या. बेकलीपासून जवळच्या ब्रीड गावात लोकांनी गरीबखान्याच्या मुकादमाला गाडीत घालून गावाबाहेर नेऊन सोडलं. १८३४ मध्ये गरिबांचा नवा कायदा आला. गावांचे गट करून वर्कहाउस, म्हणजे काम करून घेणारे गरीबखाने काढले, घरपोच मदत आवळली. बेकली आणि पीसमार्श राय गावच्या गटात गेले. त्याच कायद्याने गावांना एक मुभाही दिली: गरिबांना परदेशी पाठवायला करातून पैसा उभा करायचा. आयुष्यभर पोसण्यापेक्षा एकदाच भाडं भरलेलं स्वस्त, असा सरळ हिशेब. ‘आमचे पूर्वज नशीब काढायला निघाले’ असं वंशज अभिमानाने सांगतात तेव्हा मी काही बोलत नाही, पण गावाच्या जमाखर्चाची वही उघडून ठेवतो.

तिकडे न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनी ज्या वसाहतीत होतं तिथे, उलटं चाललं होतं. जमीन अफाट, हात कमी. १८३१ पासून सरकारी जमीन एकरी किमान ५ शिलिंगने विकायला काढली आणि त्या पैशातून इंग्लंडमधून मजूर आणायचे असं ठरलं. शेतीकाम जाणणारी माणसं निवडायला १८३८ मध्ये सरकारी लोक केंट-ससेक्समध्ये फिरत होते. स्मिथ कुटुंब त्यात निवडलं गेलं, आणि एकटं नाही. बेकली आणि आसपासची बरीच कुटुंबं त्याच खेपेला गेली आणि तिकडेही जवळजवळच राहिली. हे लक्षात ठेवा, पुढे तुमच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा इथूनच निघणार आहे.

भाडं सरकारचं, म्हणून यादी कडक. स्वखर्चाने आलेल्या प्रवाशाचं नाव वर्तमानपत्रात ‘श्री. व सौ. अमुक’ एवढंच येतं. सरकारी खर्चाने आलेल्या मजुराचं मात्र वय, धंदा, जन्मगाव, धर्म, लिहिता-वाचता येतं का आणि पुष्कळ याद्यांमध्ये आईबापांची नावंसुद्धा. गावच्या पाद्रीबाबांकडून वयाचा आणि चालचलणुकीचा दाखला आणावा लागे, त्यातूनच ही माहिती यायची. श्रीमंतापेक्षा गरिबाची वंशावळ सोपी पडते अशा थोड्या जागा आहेत, त्यातली ही एक. वयाच्या रकान्याकडे मात्र जरा संशयाने बघा. सरकारला तरुण जोडपी हवी असत, त्यामुळे बाप्तिस्म्याच्या तारखेशी ताडून पाहिलं की पस्तिशी-चाळिशीतली बरीच मंडळी जहाजावर चढताना दोन-चार वर्षांनी लहान झालेली दिसतात.

‘लेडी न्यूजंट’विषयी एक गोष्ट तुमच्या नातीला नक्की सांगा. हे जहाज १८१३ मध्ये आपल्या मुंबईत बांधलं गेलं. स्मिथ कुटुंबाला नेण्याआधी तीनच वर्षं ते कैदी घेऊन सिडनीला गेलं होतं. पुढे न्यूझीलंडला वसाहतकरी नेले, आणि १८५४ मध्ये मद्रासचे सैनिक घेऊन रंगूनला जाताना बुडालं. वंशावळीत जहाजाचं काय काम, असं वाटेल. पण जहाजाचं नाव म्हणजे हातात आलेली किल्ली. ऑस्ट्रेलियातल्या जुन्या वर्तमानपत्रांत म्हाताऱ्या वसाहतकऱ्यांचे मृत्युलेख यायचे, त्यात हटकून ‘अमुक जहाजाने आले’ असं असायचं. ‘स्मिथ’ शोधलंत तर लाखो ओळी येतील. जहाजाचं नाव आणि गावाचं नाव मिळून शोधलंत तर मोजक्या येतील, आणि त्यातली एखादी तुमची.

उतरल्यावर थॉमसला किसिंग पॉइंट, म्हणजे आजच्या राइड भागात एका जमीनदाराकडे काम मिळालं. पुढची सतरा-अठरा वर्षं दुसऱ्याच्या बागांत गेली. १८५५-५६ च्या सुमारास त्याने राइड आणि ईस्टवुडच्या सीमेवर सुमारे २४ एकर जमीन घेतली. तेव्हा दोघंही पन्नाशी उलटलेली. जमीन अर्थातच थॉमसच्या नावावर. लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवायची मोकळीक तिथल्या कायद्याने दिली ती १८७९ मध्ये, तेव्हा मारिया जाऊन नऊ वर्षं झाली होती. मतदारयादीत बायका आल्या १९०२ नंतर. म्हणजे खरेदीखतात ती नाही, मतदारयादीत नाही. मग जनगणना? न्यू साउथ वेल्सच्या त्या काळातल्या जनगणनेचे कागद सिडनीच्या ‘गार्डन पॅलेस’ या भव्य इमारतीत ठेवले होते. २२ सप्टेंबर १८८२ च्या पहाटे ती इमारत जळून खाक झाली. इंग्लंडमध्ये दर दहा वर्षांनी घरातल्या माणसांची यादी मिळते तशी तिथे मिळत नाही, ती सवय विसरा.

त्या बदल्यात तिथे एक कागद असा मिळतो की इंग्लंडवाल्यांनी हेवा करावा, तो म्हणजे मृत्यूचा दाखला. न्यू साउथ वेल्समध्ये सरकारी नोंदणी १ मार्च १८५६ ला सुरू झाली. नमुना तयार करणाऱ्यांनी दाखल्यात मृताच्या बापाचं नाव आणि धंदा, आईचं नाव माहेरच्या आडनावासह, जन्मगाव, वसाहतीत येऊन किती वर्षं झाली, लग्न कुठे, कोणत्या वयात आणि कोणाशी झालं, मुलं किती, कोणती हयात, कोणती गेलेली, इतके रकाने ठेवले. इंग्लंडच्या त्याच काळातल्या दाखल्यात यातलं जवळपास काही नाही. म्हणून १८५६ नंतर तिथे वारलेल्या इंग्रज बाईचं ससेक्समधलं माहेर शोधायचं असेल तर आधी सिडनीचा मृत्यूचा दाखला मागवायचा. इंग्लंडच्या नोंदी त्यानंतर.

फक्त एवढं ध्यानात ठेवा की दाखल्यातली माहिती मेलेल्या माणसाने दिलेली नसते. शोकात असलेला मुलगा, जावई किंवा शेजारी ती सांगतो. मुलं किती हे त्याला नक्की माहीत असतं, आजीचं माहेर अंदाजाने. तान्हेपणी गेलेली, इंग्लंडात पुरलेली बाळं पुष्कळदा सुटतात. दाखला हा माग, पुरावा नव्हे. त्यावरून ससेक्सच्या नोंदीपर्यंत पोचलात आणि दोन्ही जुळलं, तर पुरावा.

आता सफरचंदाची कथा, कारण घराण्याच्या आठवणींची पारख कशी करायची हे तिच्यावरून चांगलं दाखवता येतं. ही हकीकत पहिल्यांदा व्यवस्थित छापून आली १९२४ मध्ये. हर्बर्ट रमझी नावाच्या बागायतदार आणि स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाने ‘फार्मर अँड सेटलर’ या पत्रात ती लिहिली. त्याने मारियाला ओळखणाऱ्या दोन माणसांना गाठलं होतं. त्यातल्या एडविन स्मॉलने सांगितलं की १८६८ मध्ये तो वडिलांबरोबर तिच्या शेतावर गेला होता. ओढ्याकाठी आपोआप उगवलेलं एक सफरचंदाचं रोप तिने दाखवलं आणि म्हणाली, टास्मानियाच्या ‘फ्रेंच क्रॅब’ सफरचंदांचा चोथा इथे टाकला होता, त्यातून आलं असावं. दुसरी कथा अशी की स्वयंपाकघरात फळं चिरताना तिने गाभे खिडकीबाहेर फेकले आणि रोप खिडकीखालीच आलं.

यातली कुठली धरायची? मी पहिली धरतो. सांगणाऱ्याचं नाव आहे, तो स्वतः तिथे गेला होता, वर्ष आहे, जागा आहे, आणि त्याने स्वतःच्या घराण्याला मोठेपणा घेतलेला नाही. त्याच्या विरुद्ध जाणारी गोष्ट म्हणजे मधे गेलेली छप्पन्न वर्षं. दुसऱ्या कथेत खिडकी आहे, स्वयंपाकघर आहे, आजी आहे, म्हणजे सांगायला फार छान. छान सांगता येणारी हकीकत मी नेहमी दुसऱ्या नंबरावर ठेवतो. सफरचंदाची आई फ्रेंच क्रॅब धरली तरी बाप कोण ते त्या वेळच्या मधमाश्यांना ठाऊक! मारियाचे आईबाप दोन्ही कागदावर आहेत, तिच्या सफरचंदाचे नाहीत. बियांपासून आलेलं सफरचंद आईसारखं निघत नाही, म्हणून तेच फळ पुन्हा हवं तर कलमच करावं लागतं. आज जगात या जातीची जेवढी झाडं आहेत ती कलमा-कलमांनी त्याच एका झाडापर्यंत जातात.

फळाचं नाव झालं ते ती गेल्यावर. एडवर्ड गॅलर्ड या तिथल्या बागायतदाराने त्याची बरीच झाडं लावली आणि १९१४ मध्ये मरेपर्यंत विकली. १८९१ मध्ये कॅसल हिलच्या प्रदर्शनात शिजवण्याच्या सफरचंदांमध्ये या सफरचंदाला बक्षीस मिळालं, १८९५ मध्ये सरकारी शेतीखात्याने निर्यातीला योग्य म्हणून त्याचं नाव घेतलं. मारिया तोवर पंचवीस वर्षं सेंट ॲनच्या आवारात होती. जाता जाता, १८३८ च्या सप्टेंबरात म्हणजे दोनच महिने आधी आणखी एक इंग्रज बाई मद्रासहून सिडनीला उतरली होती, कॅरोलाइन चिझम. नवरा कंपनी सरकारच्या मद्रास फौजेत अधिकारी. पुढे तिने एकट्या येणाऱ्या मुलींसाठी निवारा काढला, पत्रकं छापली, लंडनला जाऊन साक्षी दिल्या. तिच्याविषयी कपाटं भरून कागद आहेत. मारियाविषयी मूठभर नोंदी आणि एक झाड.

आता सुनेच्या माहेरचा दावा. तीन शक्यता दिसतात. एक, ते खरोखर मारियाच्या पाच मुलांपैकी कुणाचे तरी वंशज असतील. दोन, आडनाव स्मिथ, गाव राइड, म्हणून कुणीतरी पणजोबांनी गमतीने म्हटलेलं पुढच्या पिढीला खरं वाटलं असेल. तिसरी मला अनुभवाने सगळ्यात संभवनीय वाटते: ते मारियाबरोबर आलेल्या दुसऱ्या एखाद्या बेकलीकर कुटुंबातले असतील. ती कुटुंबं शेजारी राहिली, एकमेकांच्या घरी लग्नं झाली, एकाच दफनभूमीत गेली. अशा घरात ‘ग्रॅनी स्मिथ आमची’ हे वाक्य दोन पिढ्या ‘आमच्या ओळखीची’ या अर्थाने चालतं आणि तिसऱ्या पिढीत रक्ताचं होतं. यात कुणी खोटं बोललेलं नसतं.

तपासायचं असं. सुनेपासून सुरुवात. तिचा जन्मदाखला, आईबापांचं लग्न, आजीआजोबांचं लग्न, असं एकेक पायरी वर. न्यू साउथ वेल्सच्या नोंदणी कार्यालयाची सूची संगणकावर फुकट बघता येते. जन्म शंभर वर्षांपूर्वीचे, लग्नं पन्नास वर्षांपूर्वीची, मृत्यू तीस वर्षांपूर्वीचे सगळ्यांना खुले. अलीकडचे दाखले सूनबाईंना घरातूनच मिळतील. पूर्ण दाखला महाग पडतो. तिथे सरकारमान्य नक्कलकार आहेत, ते जुन्या नोंदीचा मजकूर बऱ्याच कमी पैशात उतरवून देतात, तुमच्या कामाला तेवढा पुरतो. प्रत्येक पायरीवर आईची बाजू आणि बापाची बाजू दोन्ही लिहा. वंश मुलीकडून आला असेल तर आडनाव स्मिथ राहणारच नाही, आणि बहुतेक लोक नेमके तिथे वाट चुकतात.

जहाजांच्या याद्या न्यू साउथ वेल्सच्या राज्य अभिलेखागाराने सूचीसह मांडल्या आहेत. जुनी वर्तमानपत्रं राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’वर फुकट आहेत. इंग्लंडच्या चर्चनोंदींसाठी ‘फॅमिलीसर्च’ आणि ‘फ्रीरेग’ आधी बघा, पैसे भरायच्या संकेतस्थळांकडे नंतर वळा. त्या संकेतस्थळांवर लोकांनी चढवलेल्या तयार वंशावळींत मारिया स्मिथ सापडली तर हुरळून जाऊ नका. एकाने लिहिलेलं दहा जण उतरवतात, त्याने दहा पुरावे होत नाहीत. वंशावळीखाली मूळ नोंदीची प्रत लावली आहे का, एवढंच बघायचं.

डीएनए चाचणीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण सूनबाई विचारतील. सहा पिढ्यांमागच्या एका पूर्वजाकडून आपल्यात सरासरी दीड टक्क्याच्या आसपास अंश येतो. इतक्या लांबच्या चुलत-मावस भावंडांत तर बहुतेक वेळा काहीच जुळत नाही, म्हणून ‘जुळलं नाही’ याचा अर्थ ‘नातं नाही’ असा होत नाही. आणि जुळलं तरी इथे एक घोळ आहे. बेकलीची कुटुंबं इंग्लंडातही आपसात लग्नं करत होती. अंश मारियाचा की तिच्या शेजारणीचा, हे चाचणी सांगू शकत नाही. आधी कागद, चाचणी शेवटी.

नाशिकच्या वहीसारखं तिकडे आहे का? तसं एका जागी नाही. आपल्याकडे यात्रेला आलेला माणूस स्वतः बसून आपल्या बापाचं, आज्याचं, भावांचं नाव सांगतो आणि सही करतो. वही घराण्याची असते. तिकडे वही गावाची किंवा सरकारची, आणि घराणं आपण जुळवायचं. पण आपल्या वहीत बायका किती सापडल्या ते नातीला एकदा मोजायला सांगा. पणजीचं माहेरचं नाव मिळालं का? मारियाच्या बाबतीत ते मिळतं: शेरवूड, आणि तिच्या आईचंही, राइट. तुमच्या बाजूच्या बायकांची माहेरची नावं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारून ठेवा, तीही वंशावळीत लागणार आहेत.

नातीच्या शाळेची तारीख जवळ असेल तर सगळं एकदम होणार नाही. सूनबाईंच्या घरात ज्या फांदीविषयी हे सांगतात, त्या फांदीवरचं न्यू साउथ वेल्समध्ये वारलेलं सगळ्यात जुनं माणूस ठरवा आणि त्याच्या मृत्यूच्या नोंदीची नक्कल मागवा. त्यात आईचं माहेर, जन्मगाव आणि ‘वसाहतीत किती वर्षं’ हे तीन रकाने बघा. वर्षं वजा करून १८३८ येत असेल आणि गाव बेकलीच्या आसपासचं असेल, तर ‘लेडी न्यूजंट’ची यादी काढा आणि त्यावरची केंट-ससेक्सची सगळी कुटुंबं उतरवून घ्या, फक्त स्मिथ नाही. गाव लँकशायर किंवा कॉर्नवॉल निघालं तर मारियाला सोडून द्या आणि त्या गावच्या चर्चनोंदींना लागा. नक्कल हाती आली की त्यातला मजकूर जसाच्या तसा, अक्षरं लागली नाहीत तिथे रिकामी जागा ठेवून पाठवा, पुढचं सांगतो.